पाच दातांची कोळंबी

बाईंचं लग्न दातांच्या डॉक्टरशी ठरलं तेव्हा थोरली नणंद म्हणाली होती, "बरं झालं, दोघंही दातच मोजणार. घरात भांडण झालं तरी धंद्यातलंच होईल." नणंदेचं म्हणणं खोटं नव्हतं. डॉक्टर माणसांचे दात मोजत आणि बाई कोळंबीचे. फरक इतकाच, की डॉक्टरांचे पेशंट ओरडत आणि बाईंचे स्पिरिटच्या बरणीत गुपचूप पडून राहत.

कोळंबीला दात असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण ते तोंडात नसून बाहेर असतात. डोळ्यांच्या मधून एक काटा पुढे आलेला असतो, करवतीच्या पात्यासारखा. त्याच्या वरच्या धारेला किती दात आणि खालच्या धारेला किती, यावरून जात ठरवायला सुरुवात होते. वर सात आणि खाली तीन असले की ती बाजारात टोपल्यांनी येणारी साधी कोळंबी. एखादा दात कमीजास्त झाला की खानदानच बदलतं. लग्नं जुळवणारी माणसंसुद्धा इतकं बारीक बघत नसतील.

बाई सागरी प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होत्या. कोळंबी, शेवंड, खेकडे, म्हणजे अंगावर कवच वागवणारी सगळी मंडळी त्यांच्या विभागात. इतकं शिकून नातेवाइकांना झालेला उपयोग म्हणजे बाजारातून येणारे फोन : "अगं, ही ताजी आहे का गं? थांब, तुला फोटो पाठवते." बाईंना स्वतःला कोळंबी खाल्ली की अंगभर गांधी उठत. हे त्यांनी एकदा एका लग्नाच्या जेवणावळीत सांगितलं, तेव्हा मामेसासरे इतके हसले की त्यांची कवळी निसटली आणि डॉक्टरांना भर पंगतीत हात धुऊन ती बसवून द्यावी लागली. त्यानंतर बाईंनी तो विषय सोडून दिला.

बाईंच्या नोकरीचा पाया एका कोळंबीवर उभा होता, आणि ती कोळंबी अंगठ्याएवढी होती.

सव्वीस वर्षांपूर्वी बाई संस्थेत तात्पुरत्या होत्या. दर वर्षी मुदत संपायची, दर वर्षी अर्ज करायचा. तेव्हाच्या संचालकांना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांनी एक दिवस बाईंना बोलावलं आणि म्हणाले, "बाई, शेजारच्या संस्थेने चार नव्या जाती शोधल्या. आपल्या नावावर एकही नाही. वरचे लोक विचारतात. एक जात आणा, मग तुमची फाइल मी स्वतः घेऊन जातो."

जात आणा, असं ते भाजी आणा म्हटल्यासारखं म्हणाले. पण बाई निघाल्या. खाडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या चिखलात महिनाभर जाळं ओढलं, आणि एका सकाळी त्यात अकरा कोळंब्या आल्या. सगळ्या एकसारख्या. वर पाच दात आणि खाली एकही नाही. बाईंनी तीन महिने पुस्तकं उपसली. पाच वर, शून्य खाली, अशी पूर्ण वाढलेली कोळंबी कुठल्याच पुस्तकात नव्हती.

शास्त्राचा एक नियम असा, की नुसत्या दातांवर विसंबायचं नाही; जननांगं पाहून जात पक्की करायची. बाईंनी पाहिली. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. अकराच्या अकरा पालथ्या घातल्या, पण पाहण्यासारखं काही दिसलंच नाही. तेव्हा त्यांनी लेखात लिहिलं : 'जननांगं अत्यंत सूक्ष्म, बहुधा जातीच्या बुटकेपणामुळे.' त्या 'बहुधा'वर बाईंची नोकरी कायम झाली. पुढे त्यांच्या नावावर आणखी दोन जाती लागल्या, पण पाया हाच.

नव्या जातीला नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा. बाईंनी साहेबांचं नाव दिलं. ते लॅटिन वळणाने लिहिलेलं असल्यामुळे संस्थेत कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळे त्या कोळंबीलाच 'साहेब' म्हणू लागले. "साहेबांचं स्पिरिट उडालंय, जरा भरा," असं कुणी म्हटलं की नवा माणूस दचकायचा. पाहुणे आले की साहेब कपाटातून काढले जात, पुसले जात आणि पुन्हा आत ठेवले जात. पुढे संस्थेच्या बोधचिन्हावर साहेब आले, पत्रांच्या माथ्यावर आले. खरे साहेब निवृत्त झाले, पण सल्लागार समितीचे अध्यक्ष म्हणून राहिलेच. पुन्हा कधी जाळ्यात 'साहेब' सापडले तर तेही तेवढेच, अंगठ्याएवढे. बुटकी जात ती बुटकी जात. कुणी फार विचार केला नाही. बाईंनीही नाही.

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि साहेबांची पंचाहत्तरी आली. जागेसाठी दोघं होते : बाई आणि खेकडेसर. खेकडेसर खेकड्यांवर काम करत आणि चालतही तसेच, म्हणजे समोरून येणारा माणूस टाळायचा असेल तर भिंतीच्या कडेकडेने. बाई त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी वरिष्ठ. ही खुर्ची मिळाली नाही तर पुढची सहा वर्षं, निवृत्तीपर्यंत, रजेच्या अर्जावर खेकडेसरांची सही घ्यावी लागणार होती. मुलाखत साहेबांच्याच समितीपुढे होती, पंचाहत्तरीनंतर बरोबर आठवड्याने.

पंचाहत्तरीसाठी संचालकांनी एक कल्पना काढली. दर्शनी दालनात मोठी काचेची टाकी बसवायची, त्यात जिवंत 'साहेब' सोडायचे आणि खऱ्या साहेबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन करायचं. खालची पाटी आधीच तयार झाली : 'बुटकी कोळंबी. कायमस्वरूपी प्रदर्शन.'

"बाई, साहेब आणायचं काम तुमचं," संचालक म्हणाले.

आठ आठवडे हातात होते. बाई आणि टाकीमामा खाडीवर जाऊन तीस नग घेऊन आले. टाकीमामा म्हणजे संस्थेतल्या टाक्या सांभाळणारे गृहस्थ. पाण्याला बोट लावून खारटपणा सांगायचे आणि मग मीटरने तोच आकडा दाखवला की मीटरचं कौतुक करायचे. साहेब म्हटल्यावर त्यांनी खाण्यात कसूर ठेवली नाही. शिंपल्याचं मांस बारीक करून दिवसातून चार वेळा.

कोळंबीचं कवच वाढत नाही. अंग वाढलं की कवच टाकून द्यावं लागतं आणि नवं येईपर्यंत मऊ अंगाने कोपऱ्यात बसावं लागतं. आठच दिवसांत टाकीच्या तळाशी पारदर्शक काती पडू लागल्या.

"बाई, ह्यांनी कपडे काढले," मामा छोटी बाटली घेऊन आले. "टाकू की ठेवू?"

बाईंनी सवयीने एक कात मायक्रोस्कोपखाली धरली आणि सवयीनेच दात मोजले. सहा.

पुन्हा मोजले. सहाच. एखादी चुकून आलेली असेल, असं म्हणून त्यांनी बाटली कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात मामांनी आणखी सात काती आणल्या. त्यांतल्या चार सहा दातांच्या होत्या, आणि एकीच्या खालच्या धारेवर एक अगदी कोवळा दात फुटलेला होता.

रविवारी सकाळी चहा घेताना बाईंनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर पेपर वाचत होते.

"वय काय पेशंटचं?" पेपरामागून डॉक्टरांनी विचारलं.

"कोणाचं?"

"तुझ्या त्या साहेबांचं. आम्ही आधी वय विचारतो. पाच वर्षांच्या पोराला वीस दात असतात. म्हणून काय ती माणसाची वेगळी जात?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"दुधाचे दात असतील," डॉक्टर म्हणाले आणि पान उलटलं.

"अहो, मी सव्वीस वर्षं हे काम करतेय."

"मी कुठे नाही म्हणतोय? तू फक्त वय विचारलं नाहीस, एवढंच म्हणतोय."

त्या दिवशी बाई नवऱ्याशी फारसं बोलल्या नाहीत. रागावल्या म्हणून नव्हे. ज्याच्यावर रागवावं तो माणूस बरोबर बोलला की राग ठेवायला जागा मिळत नाही.

सोमवारी त्यांनी चार कोळंब्या वेगळ्या काढल्या. प्रत्येकीला एकेक काचेचं भांडं, त्यावर आकडा, आणि चारही भांडी आपल्या टेबलाजवळच्या खिडकीत. रोज खाणं, रोज नोंद. एक दिवस दुसऱ्या भांड्यातल्या कोळंबीने डोळ्यांदेखत कात टाकली. पाठीवर मान आणि शेपटीच्या मध्ये एक फट पडली, कोळंबीने आळस दिल्यासारखा एक झटका दिला आणि सबंध कवच, मिशांसकट, मागे सोडून ती बाहेर आली. चौथ्या आठवड्यात तिचे वर सात आणि खाली तीन दात झाले. पोटाखाली जननांगंही दिसू लागली, जशी साध्या कोळंबीची पुस्तकात काढलेली असतात तशीच. त्यात 'बहुधा' काही नव्हतं.

म्हणजे साहेब ही जात नव्हतीच. बाजारात टोपल्यांनी येणाऱ्या कोळंबीची ती पोरं होती. मोठी झाली की खाडी सोडून समुद्रात जायची, आणि मागे खाडीत पुन्हा नवी पोरं. बाईंनी एका शाळेच्या पटावरून बुटक्या माणसांची वस्ती शोधून काढली होती.

इकडे दालनातल्या टाकीतले साहेब फुगत चालले होते. समारंभ दहा दिवसांवर आला होता. आता बाईंनी जे केलं, ते सांगितलंच पाहिजे. त्यांनी मामांना बोलावलं आणि म्हणाल्या, "खाडीवरून लहान बघून तीस आणा. टाकीत ते सोडा."

"आणि हे?"

"हे मागच्या टाकीत."

मामांनी मान हलवली. जाता जाता म्हणाले, "आमच्या शेजारी एक मास्तर होते. चाळीस वर्षं पहिलीचाच वर्ग. दर वर्षी पोरं नवी, वय तेच. निवृत्त झाल्यावर म्हणायचे, माणसं काही मोठी होत नाहीत बघा."

"मामा, तुम्ही जा खाडीवर."

"निघालोच."

पुढच्या आठवड्यात, समारंभाला तीन दिवस उरले असताना, पुन्हा बदली झाली. त्याच दुपारी खेकडेसर भिंतीकडून येऊन टाकीपाशी थांबले.

"काय बाई, साहेबांची तब्येत? वाढत नाहीत वाटतं."

"बुटकी जात आहे, सर."

"हो, ते आहेच," असं म्हणून खेकडेसर काचेत वाकून पाहू लागले, पण मोजण्याइतकं नाही. त्यांच्या स्वतःच्या नावावर खेकड्यांच्या नऊ जाती होत्या, आणि दुसऱ्याच्या बरणीत फार वेळ डोकावलं की तो आपल्या बरणीत डोकावतो, हे त्यांना माहीत होतं.

चार वाजता काठी टेकत मोठे साहेब आले. कुणाला न कळवता. टाकीसमोर उभे राहून चष्मा वर केला.

"हा मी का?"

"हो साहेब."

"सव्वीस वर्षांत एवढाच राहिलो," साहेब खूश होऊन म्हणाले. "वजन सांभाळलंय."

बाईंनी एकदा टाकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, जरा मागच्या टाक्यांकडे येता?"

मागे सिमेंटच्या टाकीत पहिल्या तुकडीतल्या कोळंब्या फिरत होत्या. मधल्या बोटाहून लांब, भरलेल्या, मिशा हलवत. साहेबांनी वाकून पाहिलं.

"ही तर बाजारातली."

"हे तुम्हीच आहात, साहेब."

साहेबांनी पुन्हा चष्मा वर केला. "दात?"

"वर सात, खाली तीन."

मामांनी एक बादली पालथी घालून दिली. साहेब तिच्यावर बसले. त्यांचा आवाज आता सभेतला नव्हता.

"एक पत्र आलं होतं, बाई. तुमचा लेख छापून आल्यावर, दुसऱ्या वर्षी. कोण एक म्हातारे प्राध्यापक, दूरवरचे. लिहिलं होतं, ही पोरं तर नव्हेत ना? वाढवून पाहा."

"मला दाखवलं नाहीत ते."

"तुमची नोकरी गेली असती."

बाई टाकीच्या कठड्याला टेकल्या.

"आणि माझं नावही गेलं असतं," साहेबांनी वाक्य पूर्ण केलं. "खोटं कशाला बोलू. माणूस संचालक होतो, इमारती बांधतो, समित्या चालवतो. नंतर कुणी विचारत नाही. कोळंबी राहते. नातवाला सांगतो मी, समुद्रात आजोबा आहेत म्हणून."

"मग आता काय करू?"

"काही करू नका. समारंभ होऊ द्या. मुलाखत होऊ द्या. मी तिथे आहेच. प्रमुख व्हा. मी गेल्यावर सावकाश छापा. शास्त्राला कसली घाई? कोळंबी काय वाट बघत बसलीय?"

हे बोलणं वाईट नव्हतं. त्यात धमकी नव्हती, उलट माया होती. म्हणून तर ते अवघड होतं. साहेब गेल्यावर बाई त्याच बादलीवर बसल्या. खुर्ची हवी होती त्यांना. सव्वीस वर्षं माणूस खुर्ची नको म्हणून काम करत नाही. पण मोजायची सवय वाईट. त्यांनी हिशेब मांडला : प्रदर्शन कायमस्वरूपी, पोरं दर दहा दिवसांनी मोठी होणार, निवृत्तीला सहा वर्षं. म्हणजे दोनशे एकोणीस वेळा मामांना, आणि मामा निवृत्त झाले की त्यांच्या जागी येणाऱ्याला, खाडीवर पाठवायचं. विभागप्रमुख म्हणून त्या दोनशे एकोणीस मागणीपत्रांवर सही करायची. कारण काय लिहायचं? साहेब मोठे झाले?

आणि ते पत्र. 'वाढवून पाहा.' अख्खी संस्था, तीन मायक्रोस्कोप, एवढाली ग्रंथसंपदा, आणि एका भांड्यात महिनाभर पाणी बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. सगळ्यात आधी ते बाईंना सुचायला हवं होतं.

दोन पानांचं टिपण झालं. त्यात चार भांड्यांच्या नोंदी, कातींची चित्रं आणि शेवटी एक ओळ : सदर जात अस्तित्वात नाही, चूक माझी. समारंभाच्या सकाळी बाईंनी ते शास्त्रीय नियतकालिकाला पाठवलं, एकेक प्रत समितीच्या सदस्यांना दिली आणि मामांना म्हणाल्या, "आज मागचे साहेब पुढे आणा."

"सगळे?"

"मोठे बघून."

समितीतल्या एकानेही समारंभाआधी टिपण वाचलं नाही. कागद वाटला गेला की तो वाचला गेला, अशीच तिथली समजूत होती. संचालकांनी भाषणात बुटक्या कोळंबीचा उल्लेख सात वेळा केला. मग पडदा बाजूला झाला आणि प्रमुख पाहुणे पुढे वाकले.

"बुटकी म्हणता," पाहुणे म्हणाले, "पण बरीच धिप्पाड दिसते."

संचालकांनी पाटीकडे पाहिलं. एवढ्यात खेकडेसर कडेने पुढे सरकले. "काचेमुळे तसं दिसतं, सर. काच जाड आहे."

पाहुण्यांचं समाधान झालं. साहेबांनी टाकीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि अर्धा तास स्वतःच्या साधेपणावर बोलले. कोळंबीचं नावही काढलं नाही. एवढ्या वर्षांतलं त्यांचं हे पहिलंच भाषण, ज्यात ती नव्हती.

मुलाखतीपर्यंत मात्र टिपण सगळ्यांनी वाचलं होतं. समितीने बाईंना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या नावावर जाती किती?"

"तीन होत्या. आता दोन."

"कमी कशा झाल्या?"

"मोजून," बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गुणपत्रिकेत त्यांनी काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. बाईंना मात्र दोन दिवसांनी टपालाने एक जुना लिफाफा आला. आत प्राध्यापकांचं पत्र होतं, घड्यांवर फाटलेलं. पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं. बाईंनी त्या पत्त्यावर लिहून पाहिलं. कळलं, प्राध्यापक वारून एकोणीस वर्षं झाली होती.

विभागप्रमुख खेकडेसर झाले. घरी नणंदेचा फोन आला, "अगं, एक कोळंबी कमी झाली तर झाली. कोण मोजायला येणार होतं?" डॉक्टरांनी मात्र त्या रविवारी चहा स्वतः केला आणि पेपर उघडला नाही.

बाईंचं टिपण छापून आलं आणि संस्थेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्यांच्या ज्यांच्या नावावर जाती होत्या, त्यांनी आपापल्या बरण्यांच्या कपाटांना कुलपं लावली. गोगलगायवाल्या सरांनी तर दोन लावली. नवीन प्रमुखांनी पहिल्याच आठवड्यात परिपत्रक काढलं : यापुढे कोणताही प्राणी प्रयोगशाळेत जिवंत ठेवायचा असल्यास प्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी.

बाईंनी आपल्या उरलेल्या दोन जातींच्या बरण्या कपाटातून काढल्या आणि उजेडात धरल्या. दुसऱ्या जातीच्या लेखातही एक 'बहुधा' होता. आपणच लिहिलेला, तेव्हा तो केवढा निर्धास्त वाटला होता. तिसरीत नव्हता, पण तिसरीचे नमुनेच मुळी तीन होते. मामांनी न विचारता खिडकीतली चार भांडी धुऊन ठेवली.

मग बाईंनी परवानगीचा अर्ज घेतला. प्राण्याचं नाव लिहिलं. संख्या : बारा. कालावधी : सांगता येत नाही. 'जिवंत ठेवण्याचे कारण' या रकान्यासाठी अर्जात एकच ओळ सोडलेली होती. बाईंनी तिथे लिहिलं, 'मोठं होऊ देणे', आणि कागद खेकडेसरांच्या टेबलावर सहीसाठी ठेवून आल्या.